शर्यतीच्या आदल्या दिवशी

“शर्यत झाल्यावर म्हणायचंय ना तुम्हाला?” मी विचारलं.

“न्हाई मॅडम. शर्यतीच्या आदल्या दिवशी. शनिवारी सकाळी.”

मी पेन खाली ठेवलं. समोर बसलेली रंजना कणसे नावाची बाई तिशी ओलांडलेली, सडसडीत, उन्हानं रापलेली. तपासताना मी तिची नाडी दोनदा मोजली होती, कारण पहिल्यांदा मोजली तेव्हा आपलंच चुकलं असं वाटलं. इतकी संथ नाडी एक तर आजारी माणसाची असते, नाही तर रोज पळणाऱ्याची. पोटऱ्यांकडे नजर गेली आणि शंका मिटली.

दुखणं साधं होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर बेंबीपाशी लिंबाएवढा फुगवटा आला होता. खोकलं की बाहेर यायचा, दाबलं की आत जायचा. बेंबीचा हर्निया. कधी तरी करून घ्यायला हवा, पण आज नाही केला तर आभाळ कोसळत नाही, असं ऑपरेशन. तारीख पेशंटनं सांगावी आणि आम्ही मान डोलवावी.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या काळात आमच्या तालुक्याच्या गावाला घाटाच्या शर्यतीचं वेड लागलं होतं. डिसेंबरातल्या एका रविवारी शाळेच्या मैदानावरून निघायचं, घाट चढून वरच्या देवळाला वळसा घालायचा आणि परत मैदानावर यायचं. मुतखडा असो की मूळव्याध, माणसं आधी शर्यतीची तारीख सांगायची आणि मग दुखणं. माझं उत्तर पाठ झालं होतं. ऑपरेशन शर्यतीच्या निदान तीन महिने आधी करा, नाही तर शर्यत झाल्याबरोबर. पळणाऱ्याला नाही तरी तेव्हा विश्रांती घ्यायचीच असते, त्यातच टाके भरून येतात.

आदल्या दिवशीची तारीख मागणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते.

“तुम्ही शर्यतीत पळत नाही का?”

“पळते की. गेल्या वर्षी बायकांत पहिली आले होते.”

“मग या वर्षी?”

“या वर्षी ऑपरेशन.”

आता मला गप्प बसवेना. ही शर्यत म्हणजे नुसती ढाल आणि हार नव्हता. शेजारच्या जिल्ह्यातलं एक प्रशिक्षण केंद्र दर वर्षी तिच्यातून एका बाईला निवडून न्यायचं. राहणं, जेवण, सराव, वर महिन्याचा पगार आणि पुढे खेळाडूंच्या जागेवर नोकरी मिळण्याची आशा. जागा एकच आणि ती पहिली येणारीची. दुसरीला कुणी विचारत नसे. आमच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी मुली त्या एका जागेसाठी वर्षभर पहाटे उठून पळायच्या.

“गेल्या वर्षी तुम्हाला ती जागा देऊ केली असेल ना?”

“केली होती. मी न्हाई म्हणाले. पोरं शाळेत जातात, शेरडं-गुरं हायत. मी कुठं जाऊन राहू?” ती सहज म्हणाली. तिच्या आवाजात खंत नव्हती.

“अहो, मग नुसतं पळण्यासाठी तरी पळा. इतकी वर्षं हर्निया घेऊन पळालात, अजून एकदा पळा. सोमवारी या, मंगळवारी करून टाकू.”

“मंगळवारी नको. शनिवारीच करा. आन् रविवारी मला घरी सोडू नका.”

“शनिवारी पोट उघडल्यावर रविवारी घरी कशी सोडेन मी?”

“तेच म्हणते मी,” असं म्हणून ती पहिल्यांदा हसली.

माझा स्वभाव भोचक आहे. आई म्हणायची, ही मुलगी पोलिसात जायची, चुकून डॉक्टर झाली. पेशंट पोटात दुखतंय म्हणाला की मला त्याच्या घरात कोण कोण आहे इथपासून सगळं हवं असतं. कधी त्याचा निदानाला उपयोगही होतो, पण खरं सांगायचं तर उपयोग झाला नाही तरी मला चालतं. रंजनानं मात्र मला थांग लागू दिला नाही. तारीख पक्की केली, रक्त तपासायला दिलं आणि चपला घालून निघून गेली.

मी अंदाज बांधत बसले. नवऱ्याने पळायला मनाई केली असेल. पण मग ऑपरेशनची काय गरज? नाही म्हटलं की झालं. दिवस गेले असतील असंही वाटलं, तपासणीत तसं काही निघालं नाही. मग वाटलं, हरायची भीती असेल. एकदा पहिली आलेली माणसं दुसऱ्यांदा उतरायला कचरतात. हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या बाईला कुणी हरलेली म्हणत नाही. हा अंदाज मला बरा वाटला आणि बाई मनातून जरा उतरलीही.

आमचे भूलतज्ज्ञ डॉ. मुजावर स्वतः शर्यतवेडे. किडकी दाढ त्यांनी शर्यत होईपर्यंत काढली नव्हती, एका गालानं जेवत होते. त्यांना मी माझा अंदाज सांगितला, तर ते भडकलेच.

“रंजना कणसे? आणि घाबरणार? दातार मॅडम, गेल्या वर्षी अर्धा घाट मी त्या बाईची पाठ बघत चढलो. ती आणि तिची धाकटी जाऊ. थोरली पुढे, धाकटी तिच्या खांद्याशी. देवळापर्यंत तशाच आणि मैदानापर्यंतही तशाच. शेवटी एका पावलाचा फरक. बाकीच्या बायका तर वळणावरसुद्धा दिसत नव्हत्या.”

“मग या वर्षी ती का पळत नाहीये?”

“ते तुम्ही शोधा. तुम्हाला तेच आवडतं,” मुजावर म्हणाले आणि त्यांनी चहा दुसऱ्या गालाने प्यायला.

शुक्रवारी संध्याकाळी रंजना दाखल झाली. नवऱ्यानं जीपमधून आणून सोडलं आणि दुधाची वेळ झाली म्हणून तो लगेच गेला. सोबतीला धाकटी जाऊ राहिली. स्वप्नाली तिचं नाव. पंचविशीच्या पुढची असेल. उंच, लांब पायांची आणि बोलायला अगदी कमी. मी काही विचारलं की ती आधी रंजनाकडे बघायची आणि मग उत्तर द्यायची. रंजनाला ती अक्का म्हणायची. तिनं खाटेखाली पिशवी ठेवली, पाण्याची बाटली भरली, अक्काच्या केसांच्या दोन घट्ट वेण्या घातल्या. सख्ख्या बहिणीसुद्धा इतकं करत नाहीत.

शनिवारचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं. कमरेत सुई देऊन भूल दिलेली, त्यामुळे रंजना जागी होती. मी फुगवट्याच्या जागी जाळी शिवत असताना पडद्यापलीकडून तिनं मुजावरांना विचारलं, “सर, उद्या घाटात धुकं असंल का?”

“असलं तर तुम्हाला काय त्याचं?” मी पडद्याअलीकडून विचारलं.

“न्हाई, आपलं विचारलं.”

त्या ‘आपलं विचारलं’नं माझी उरलीसुरली सहनशक्ती संपली. संध्याकाळी राउंडला गेले तेव्हा भुलेचा अंमल उतरला होता, ती पाय हलवत होती. स्वप्नालीला मी चहा आणायला खाली पाठवलं आणि सरळ खुर्ची ओढून बसले.

“रंजनाबाई, आता टाके घातले, जाळी बसली, मी काही ते उसवणार नाही. आता तरी सांगा. आजचीच तारीख का?”

तिनं दाराकडे बघून घेतलं.

“स्वप्नालीसाठी,” ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी तिनं जागा नाकारली तेव्हा स्वप्नाली शेजारीच उभी होती. दुसरी आलेली. तिला कुणी विचारलं नाही आणि ती जागा तशीच रिकामी गेली. दोघी जीपनं घरी निघाल्या. सगळ्या रस्त्यात स्वप्नाली एकच वाक्य बोलली. “अक्का, तिथं खरंच रोज पळायचाच पगार देतात?”

“बास, एवढंच म्हणाली. पुन्यांदा न्हाई इषय काढला. पर मला कळलं ना मॅडम. तिला मूलबाळ न्हाई, दीर माझा ट्रकवर, महिना-महिना घरी नसतो. ती पळाय लागल्यापासनं तिचा चेहरा बदलला. त्याच्या आधी ती नुसती भांडी घासायची.”

“मग तुम्ही या वर्षी पळत नाही म्हणायचं होतं. त्यासाठी पोट कशाला कापून घ्यायचं?”

“मी न पळता ती एकटी कशी येईल? आत्याबाई सोडतील व्हय?” आत्याबाई म्हणजे यांच्या सासूबाई. “धाकट्या सुनेनं एकटीनं तालुक्याला जायचं, चड्डी घालून पळायचं, जमायचंच न्हाई. मी बरोबर असते म्हणून चालतं. आता आजारी माणसाजवळ बसायला म्हणून आत्याबाईंनीच तिला पाठवलं. शर्यत इथनं दोन गल्ल्या टाकून. आमची नावं आधीच दिली होती. तिचे पळायचे बूट हायत पिशवीत, माझ्या लुगड्याखाली.”

मी थक्क झाले. पण माझ्या भोचक डोक्यात एक गाठ सुटली की दुसरी बसते.

“तुम्ही दोघी पळाला असता आणि तुम्ही मुद्दाम हळू झाला असता तर? ती आपोआप पहिली आली असती.”

“करून बघितलं की! सरावाला बंधाऱ्यावर पळतो तवा मी मुद्दाम हळू झाले, तर ती पण हळू झाली. बसले तर बसली. ‘अक्का, बरं वाटंना का?’ म्हणती. तिला म्हटलं, तू हो पुढं. तर म्हणती, मला न्हाई जमत.” रंजनानं सुस्कारा सोडला. “तिला पुढं पळायचं ठावंच न्हाई मॅडम. माझी पाठ बघून पळायची सवय लागली. मी घरी बसून न्हाई, हितं येऊन पण मैदानाबाहेर राहिले तरच ती मोकळी पळंल. पहिली येईल, बाकीच्या बायका तिच्या लई मागं हायत. घाबरली न्हाई म्हंजे झालं.”

“तिला हे माहीत आहे?”

“आता सांगायचं हाय.”

स्वप्नाली चहा घेऊन आली, तसं रंजनानं सांगून टाकलं. कारण नाही, नुसता हुकूम. उद्या सकाळी शर्यत आहे, तू पळायचंस.

स्वप्नालीनं कप खाली ठेवला. “तुम्हाला अशा टाकून? ते काय बरं दिसतं?”

“नर्सबाई हायत.”

“मी न्हाई जायची, अक्का. पुढल्या साली दोघी मिळून जाऊ.”

“थोरल्या जावेचं ऐकायचं का न्हाई?”

स्वप्नाली माझ्याकडे बघायला लागली. मला वाटतं, मी नाही म्हणावं अशी तिची अपेक्षा होती. मी म्हणाले, “सकाळी नर्स इथेच बसेल. मी स्वतः मैदानावर औषधांच्या तंबूत असेन. अक्कांना काही झालं तर पहिला फोन मला येईल.”

“तुम्ही म्हणताय म्हणून जाते,” स्वप्नाली अक्काला म्हणाली. मला नाही.

रविवारी धुकं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलचा तंबू मैदानात शेवटच्या दोरीजवळ होता. फोड आलेले, गोळे आलेले, चक्कर आलेले असे सगळे पुरुष आधी येऊ लागले. मी हातानं मलम लावत होते आणि डोळ्यांनी फाटकाकडे बघत होते. केंद्राच्या प्रशिक्षक बाई, पांढरी टोपी आणि गळ्यात शिट्टी, दोरीपाशी उभ्या होत्या. स्वप्नाली घाबरून घाटात बसली असेल तर? वाटेतून परत अक्काकडे पळाली असेल तर? तिचा काही भरवसा नव्हता.

फाटकातून स्वप्नाली आली तेव्हा तिच्या आगेमागे सगळे पुरुषच होते. एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. दुसरा म्हणजे आमचे मुजावर होते. ते तोंड उघडून तिच्याकडे बघतच राहिले. मैदानातली माणसं उभी राहून ओरडायला लागली. तिनं दोरी ओलांडली तरी ती थांबली नाही, तशीच थोडी पुढे गेली, मग वळून मान खाली घालून उभी राहिली. कुणाचं तरी सामान न विचारता घेतल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. तिच्यामागची बाई फाटकात दिसायला बराच वेळ लागला.

मी तिला ओढत तंबूत आणलं, पाणी दिलं, हात हातात घेतला.

“अगं, काय पळालीस! इतकं जोरात गेल्या वर्षी का नाही पळालीस?”

“गेल्या वर्षी पुढं अक्का होत्या.”

“मग त्यांना मागे टाकायचं.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी वावगं बोलून बसले आहे असं मला वाटलं.

“थोरल्या जावेच्या पुढं कसं जायचं मॅडम?” ती म्हणाली. “हळदी-कुंकवाला आधी अक्का. देवाला नारळ आधी अक्कांचा. पंगतीत ताट आधी अक्कांचं. मग पळताना तेवढं त्यांना ओलांडून जायचं? लोक काय म्हणतील? आन् अक्कांना काय वाटंल?”

“पण ती शर्यत असते!”

“ती लोकांबर. घरच्या माणसाबर कसली शर्यत?”

माझ्या मनात काल रात्रीपासून एक साधी, गोड गोष्ट तयार झाली होती. थोरली बाजूला झाली, धाकटीला वाट मिळाली. आता ती गोष्टच उलटी झाली होती.

“म्हणजे तू आधीपासूनच...”

“अक्कांना सांगू नका,” ती घाईनं म्हणाली. “त्यांची ढाल कपाटात हाय. आत्याबाई येईल त्याला दाखवतात. त्यांना लई आवडतं पहिलं आलेलं.”

तेवढ्यात प्रशिक्षक बाई तंबूत आल्या. स्वप्नालीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “संक्रांतीनंतर या. राहायची सोय आहे. नाव सांगा.”

“अक्कांना विचारून सांगते,” स्वप्नाली म्हणाली.

प्रशिक्षक बाईंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. “गेल्या वर्षी एक नाही म्हणाली, या वर्षी ही विचारून सांगणार. तुमच्या गावात काय आहे हो?” त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंतची मुदत दिली.

मी ठरवलं, गप्प बसायचं. आयुष्यात मी फार कमी वेळा हे ठरवलंय. पण माझ्या गप्प बसण्याचा उपयोग झाला नाही, कारण आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मुजावर आमच्या आधी तिथे होते. घामाच्या बनियनवरच, लंगडत, रंजनाच्या खाटेजवळ उभे राहून हातवारे करत होते.

“अहो, तुमच्यापेक्षा चार मिनिटांनी कमी! चार! या शर्यतीत इतक्या वेगानं बाई पळालेली मी बघितलीच नाही. मला मागे टाकलं तिनं!”

रंजनाचा चेहरा फुलला होता. मग तो हळूहळू बदलत गेला. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, ती हिशेब करत होती. पळणाऱ्याला चार मिनिटं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. एका वर्षात कुणी एवढं सुधारत नाही, आणि सुधारलं असतं तर रोज तिच्या बरोबर पळणाऱ्या रंजनाला ते कळलं असतं. मुजावरांना काही कळलं नाही, ते गरम पाण्याच्या शोधात निघून गेले.

स्वप्नाली खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

“कधीपासनं?” रंजनानं विचारलं.

स्वप्नाली चादरीची घडी घालायला लागली.

“मी काय विचारते? कधीपासनं मागं राहतीस?”

“पहिल्यापासनं.”

“म्हंजे बंधाऱ्यावर मी धापा टाकायची, तवा तू?”

“मी पण टाकायची. तशाच.”

मला हसू फुटलं आणि मी ते खोकल्यात घातलं. रंजनाला मात्र ते दाबता आलं नाही. ती हसली, टाक्यांवर कळ आली, पोट दोन्ही हातांनी धरलं आणि त्यातच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसू संपलं तरी ते थांबलं नाही.

“आगं, मी पोट कापून घेतलं तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “तुला वाट करून द्यायला. मला वाटलं, मी केवढी मोठी जाऊ. आन् इतकी सालं वाट तू देत होतीस मला.”

स्वप्नालीला ऑपरेशनचं कारण तेव्हा कळलं. ती मटकन खाली बसली आणि अक्काच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली. “मी न्हाई जात कुठं. तुम्ही रागवू नका. मी न्हाई सांगते त्यांना.”

मी तिथून जायला हवं होतं. पण माझा पाय निघेना. ती जागा अजून हवेतच होती आणि रंजना काय बोलेल यावर सगळं होतं. तिला राग आलेला होता, खरा राग. कपाटातली ढाल, सासूनं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलेलं कौतुक, पहाटे बंधाऱ्यावर जिंकलेलं सगळं एका सकाळीत गेलं होतं. ‘नको जाऊ’ एवढं ती म्हणाली असती तर स्वप्नाली जन्मात गेली नसती आणि कुणी तिला दोष दिला नसता.

रंजनानं पदरानं नाक पुसलं.

“रागावणार. लई रागावणार,” ती म्हणाली. “पर तू जायचंस. घरचं मी बघते.”

“आत्याबाई...”

“मी बघते म्हटलं ना.”

सोमवारी त्या दोघी एकमेकींशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. स्वप्नालीनं वेण्या घातल्या, पेज भरवली, रंजनानं मुकाट्यानं करून घेतलं. मी दोनदा कारण नसताना चक्कर मारून आले आणि काही हाती न लागता परत गेले.

मंगळवारी घरी सोडायचं होतं. खाली जीप येऊन उभी राहिली. पुढच्या सीटवर सासूबाई बसल्या होत्या, नाकात नथीएवढी चमकी, मांडीवर डबा. थोरल्या सुनेला न्यायला स्वतः आल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना उतरता येत नव्हतं, म्हणून काच खाली करून त्या दाराकडे बघत होत्या.

आमच्या हॉस्पिटलच्या पुढच्या दाराची एक झडप कायम बंद असते, एका वेळी एकच माणूस जातं. रंजना एका हातानं पोट धरून दारापर्यंत चालत आली. मागून स्वप्नाली पिशवी घेऊन. मी तिच्या मागे. दारात रंजना थांबली आणि बाजूला सरकली.

“हो पुढं,” ती म्हणाली.

“तुम्ही व्हा अक्का.”

“मी म्हणते, हो पुढं.”

“अक्का, आत्याबाई बघतायत.”

“बघू दे. म्हणूनच म्हणते.”

स्वप्नाली हलेना. रंजना सरकेना. बाहेरून डबे घेऊन आलेली दोन माणसं खोळंबली, आतून चाकाच्या खुर्चीवरचे एक आजोबा “काय झालं?” म्हणून विचारायला लागले. मी सर्जन, माझी ओपीडी भरलेली, आणि मी श्वास रोखून तिथे उभी होते. घाट चढून उतरताना पुरुषांना मागे टाकणाऱ्या त्या मुलीला तो उंबरा ओलांडता येत नव्हता.

शेवटी तिनं पिशवी छातीशी धरली, अंग चोरलं आणि अक्काला आपला धक्का लागणार नाही अशी आडवी होऊन ती दारातून बाहेर पडली. जीपमधल्या म्हातारीची मान पुढे आली. थोरली आत, धाकटी आधी बाहेर. म्हातारीनं एकदा धाकटीकडे बघितलं, एकदा दाराकडे. दारात रंजना ताठ उभी होती आणि सासूच्या डोळ्याला डोळा भिडवून बघत होती. डबा मांडीवरून उचलून म्हातारीनं बाजूला ठेवला, कुणाला तरी बसायला जागा करावी तसा.

स्वप्नालीनं मागे वळून बघितलं नाही. पायऱ्या उतरून ती जीपकडे चालू लागली. चालताना पाय आपोआप लांब पडत होते.

“मॅडम,” रंजना तिच्याकडे बघतच मला म्हणाली, “मी परत पळाय कधी लागू?”

“दीड-दोन महिन्यांनी. आधी हळूहळू.”

तिनं पोटावरचा हात काढला आणि दाराची चौकट धरली.

“तोवर लई लांब गेली असंल ती,” ती म्हणाली आणि एकेक पायरी उतरायला लागली.